गज चार बोटं वर

आहुपे, कार्तिक, मंगळवार, दिवेलागण

आज बंदूक उडवली नाही, तेच बरोबर केलं. रानडुकरं भातात लई माजलीत, म्हणून चुलतभाऊ दत्तूनं ठासणीच्या बंदुकीसाठी जड, लांब गोळी ओतून आणली. पण दारू-गोळी ठासल्यावर ठासायचा गज, त्यावरच्या एका बाराच्या खुणेपेक्षा, चार बोटं वर राहिला.

"गोळी लांब हाय म्हणून राहिला. उडीव की राव!" दत्तू म्हणाला.

"गोळी नखभर लांब हाय. गज चार बोटं वर हाय."

चार बोटं! गजावरची खूण आज्याच्या हातची, ती खोटी कशी पडेल? दत्तू मला भित्रा म्हणाला. म्हणू दे.

नळीत पाणी सोडून सगळं उपसलं. दत्तूच्या दारूखाली आणखी एक बार निघाला. नळी फुटून तोंडावरच आली असती. दत्तूचा चेहरा उतरला. "कुणी भरला व्हता ह्यो?"

मी खालच्या दारूवर ठासलेली चिंधी मुठीत दाबली. ती माझ्याच जुन्या लुंगीची. दसऱ्याला पूजेनंतर उडवायला मीच भरला होता. तेवढ्यात भावकीत सुतक पडलं आणि बंदूक तशीच खुंटीला गेली.

ती चार बोटं माझीच. उद्या सकाळीच दत्तूला सांगतो. आज खरं बोलला तो फक्त गज.