संगिता मोबाईलवर कराटे शिकते

१४ जानेवारी २०१८, डहाणू

संगिता आजही आली नाही. चौथा रविवार! तलासरीहून पहिली एसटी धरून सगळ्यांच्या आधी हॉलवर हजर असणारी पोरगी. आणि ब्राउन बेल्टची परीक्षा तोंडावर आलेली! फोन लावला — कट केला. शाळेत असल्यापासून अमृत सरांकडे शिकले, आता बारा वर्षं त्यांच्याच हाताखाली शिकवतेय; असा फोन कुणी कापला नव्हता.

२१ जानेवारी

नवशीकडून कळलं. ती संगिताच्याच कॉलेजात आहे. बाईसाहेब म्हणे आता मोबाईलवर बघून शिकतात. एवढंच नाही — पाड्यावरच्या मुलींना शिकवतातसुद्धा!

मोबाईलवर! मला एक ठोसा नीट बसवायला दीड वर्ष लागलं. आणि ही चार व्हिडिओ बघून गुरू!

सरांना सांगितलं. "जाऊ दे. त्या मुली टिकत नाहीत," म्हणाले. 'त्या मुली' खटकलं.

२८ जानेवारी

नाही आली.

४ फेब्रुवारी

न राहवून क्लास संपल्यावर तलासरीला गेले. भात कापलेलं शेत. नऊ मुली, खुंटांवर अनवाणी. फोन झाडाच्या बेचक्यात अडकवलेला. त्यातला माणूस इंग्रजीत ओरडतोय, संगिता वारलीत समजावतेय, मुली हसत हसत लाथा मारतायत.

सगळं चुकीचं! मुठीत अंगठा आत. लाथ मारताना गुडघा ताठ. अंग गरम करणं नाहीच. मी सगळ्यांसमोर झापलं. "कुणाचा पाय मोडला तर? तुला शिकवायचा अधिकार कुणी दिला?"

संगिता खाली बघत म्हणाली, "तुम्ही या ना ताई शिकवायला. पण एकट्या या. सरांना नका आणू."

"सरांनी तुला घडवलं!"

"मोबाईलमधला माणूस मोबाईलमध्येच राहतो, ताई."

उद्धट! रस्ताभर धुमसत आले.

१२ फेब्रुवारी

तेच झालं. चिमीच्या गुडघ्याची वाटी सरकली — त्या नऊ जणींतली सगळ्यात लहान. डहाणूच्या दवाखान्यात आणलंय. निरोप आला तेव्हा मला आधी काय वाटलं, ते इथे नाही तर कुठे लिहू? बरं वाटलं. म्हटलं होतं ना!

मग लाज वाटली. थोडीच.

१३ फेब्रुवारी

दवाखान्यात गेले. चिमीचा पाय प्लास्टरमध्ये. तिची आई, हिरी, संगितावर आवाज चढवत होती. संगिता खाली मान घालून ऐकत होती. चिमी मला हळूच म्हणते, "बाई, मग लाथ मारायची कशी?"

बाहेर बाकावर संगिताला म्हटलं, "आता तरी परत ये. व्हिडिओला तुझी चूक दिसत नाही. हात लावून सुधारणारं माणूस लागतं."

"हात लावून," ती म्हणाली. आणि मग सांगितलं. डिसेंबरची गोष्ट. परीक्षेची तयारी म्हणून सरांनी तिला एकटीला लवकर बोलावलं होतं.

"आधी वाटलं, शिकवतायत. मग कळलं. मी हात झटकला. तर म्हणाले, बेल्ट कोण देतं, माहितीये ना?"

आणि मी काय विचारलं? "नक्की? तुझा गैरसमज नाही ना?"

ती उठून आत गेली.

१८ फेब्रुवारी

क्लास. सर नेहमीसारखेच. पट्टा बांधत कॉलेजातल्या नव्या रियाला म्हणाले, "पुढच्या रविवारी तासभर आधी ये. एकटीच." मी दोन हातांच्या अंतरावर उभी. सगळं ऐकलं. मुलींना रांगेत उभं केलं आणि आकडे मोजत राहिले — एक, दोन, एक, दोन! आणि म्हणे मी ब्लॅक बेल्ट!



२० फेब्रुवारी

सकाळी रियाला फोन केला — रविवारी जायचं नाही. का, ते तिच्या आईला सांगितलं. मग तलासरी. संगिता दारात होती. बसा म्हणाली नाही.

"तक्रार करूया," मी म्हटलं.

"माझं कोण ऐकणार? तुम्हीच नाही ऐकलंत."

"ऐकलं होतं. खोटं ठरावं असं वाटलं, म्हणूनच तसं विचारलं."

तिला कळलं नसावं. पण आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

२१ फेब्रुवारी

पोलीस ठाण्यात संगिताचा जबाब दीड तास चालला. तिचा आवाज एकदाही कापला नाही. मग हवालदार बाईंनी नवा कागद घेतला. "तुम्ही हिच्या साक्षीदार ना, ताई?"

"नाही," म्हटलं. "माझीही तक्रार आहे. साल लिहा — एकोणीसशे सत्त्याण्णव."