एका वेळी एकच डबा

मी, डेला मे क्विलर, वय एक्याऐंशी, राहणार सॉरेल क्रीक, मॉन्टाना, शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवते. मन मधूनमधून खिडकीबाहेर जाते, पण ते वयामुळे नव्हे. ते जन्मापासूनच जाते.

१. घर आणि मागचे कुरण मुलगी नोरीन हिला. आंबट देठांच्या रुबार्बचा वाफाही तिचाच. तो दर उन्हाळ्यात एवढा का माजतो, मला कधी कळले नाही.

२. काडतुसे भरायचे यंत्र, तराजू आणि काडतुसांच्या चारशे रिकाम्या पितळी पुंगळ्या नेमबाजी मंडळाला. या पुंगळ्या माझ्या रायफलीत उडून तिच्याच मापाच्या झाल्या आहेत, म्हणून रायफलही सोबत द्यावी. ताटातूट करू नये. "बाई, तुम्ही लोणची भरा," असे म्हणणाऱ्या अध्यक्षांनी तराजूला हात लावायचा नाही. बंदुकीच्या दारूचा शेवटचा दाणा पारड्यात पडून काटा स्थिरावला, की बाहेरचे बर्फही पडायचे थांबल्यासारखे वाटे. नवरा जेवायला हाका मारी, मला ऐकूच येत नसत. फार सुखाचे दिवस होते.

३. धाकटा भाऊ व्हर्जिल साक्षीदार आहे, म्हणून वकिलांच्या मते त्याला काही देता येत नाही. खरे तेवढे देते.

१९९१ च्या ऑक्टोबरात मी भरलेल्या काडतुसाने रायफल फुटली आणि त्याचा उजवा डोळा गेला. दोन जातींची दारू मिसळली तर रायफल फुटते, म्हणून टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, हा आमचा नियम. सगळे म्हणाले, डबे काढून देणाऱ्या व्हर्जिलनेच दोन ठेवले असणार. मीही म्हणाले, "शंभरदा बजावलं होतं याला!" तो एवढेच म्हणाला, "असेल गं, माझंच चुकलं असेल."

दोन डबे मी ठेवले होते. रानहंस दक्षिणेला चालले होते. त्यांच्याकडे बघता बघता उरलेली दारू मी भलत्याच डब्यात ओतली. दवाखान्याच्या वाटेवरच मला ते आठवले, पण तोंड उघडले नाही. त्याने पुन्हा कधी नेम धरला नाही. मला लाज वाटते.

सॉरेल क्रीक, १४ ऑक्टोबर २०२३
डेला मे क्विलर

साक्षीदार:
आयोनी ब्रॅटव्होल्ड, शेजारीण
व्हर्जिल टॅनहिल, भाऊ. वाचून सही केली. डेला, दवाखान्यातून घरी आल्याबरोबर एका डोळ्यानं मी तो डबा तपासला होता. दोन जातींचे दाणे होते. कुणी बघायच्या आत रुबार्बच्या वाफ्यात पुरला. बत्तीस वर्षं त्याच रुबार्बचा तुझ्या हातचा मुरंबा खातोय, वेडे. आता बाहेर ये, हंस चाललेत.