थोराड मरळी

सोनारी, ३ ऑगस्ट २०२५

चि. राजेश्वरीस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तुझं काईच ऐकू येत न्हाय, म्हणून कागदच बरा. तू दिलेली टेप घेऊन रोज धरणावर जाते. भागवत कोळ्यानं जाळं काठाला ओढलं की मरळी मोजते, तोंडापासून शेपटीपातूर. शेजारची सिताबाई म्हणाली, म्हातारी आता माशांची ब्लाउजं शिवणार. लई हसले. घरात बोलायला कुणी न्हाय गं. एकच भाकरी थापायची, तीबी उरती. काठावर मात्र चार माणसं हाका मारतात. आकडे सोबत लावलेत. तुझ्या मासळीच्या शिक्षणापायी दिवाळीला तू इथं मोजायला येणार, म्हणून बाजेला नवी नवार भरून घेतली.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी आजी कमलबाई

रत्नागिरी, १२ ऑगस्ट २०२५

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

तुझे आकडे बघून आमचे कॉलेजातले सर खूश झाले. आपल्या धरणात पूर्वी मासे किती होते, किती पकडले, याची नोंद कुणाकडंच नाही. म्हणून नुसत्या लांबीवरून अंदाज बांधतो. मरळ एकदा तरी अंडी घालण्याइतकी वाढून मग जाळ्यात येत असेल, तर पाण्याची तब्येत बरी. तुझ्या मापात सगळ्याच तशा निघाल्या. त्यामुळं तिथं पुन्हा मोजायची गरज नाही म्हणून सर मला दिवाळीत दुसऱ्या तलावावर धाडणार आहेत. माझं येणं राहिलं, आजी. रागावू नकोस. पण बारकी एकही कशी नाही आली?

लोभ आहे, तो तसाच राहो.
तुझी राजेश्वरी

सोनारी, २१ ऑगस्ट २०२५

चि. राजेश्वरीस, अनेक आशीर्वाद.

अगं, बारक्या टोपलंभर येतात की. पण तुझ्या सरांपुढं आपल्या गावची बारकी मासळी कशी ठेवायची? पाहुण्याला चांगलं तेच वाढावं, म्हणून थोराड थोराड निवडून मोजल्या. तुझं पत्र आल्यावर जाळ्यात आलं तेवढं सगळं मोजलं. बहुतेक वितीएवढ्याच. भागवतनं पोटं चिरून दाखवली, अंड्यांचा पत्ता न्हाय. हे कळवलं तर पावसाळाभर जाळं बंद ठेवा म्हणतील, असं तो बोलला. म्या विचारलं, मग काय करू? तर म्हणाला, कळवा आजी, मासाच संपल्यावर जाळ्याचा काय पाळणा बांधू?

आकडे धाडते. आता तुला यावंच लागंल. हे ध्यानात आलं तशी काठावरनं घरापातूर एकटीच हसत आले. मग लाज वाटली बाई. धरणाची तब्येत बिघडली, आन म्या हसते.

पण ये. मोजून झालं तरी लगीच निघू नको.

तुझ्या मायेवर दिवस काढणारी,
आजी