एकमेव वारस आणि त्यांची थोरली बहीण

छत्रपती संभाजीनगर, शनिवार, दि. ८ नोव्हेंबर २०२५, दुपारचे सव्वातीन. वाळूजची रात्रपाळी करून, न झोपता, हात दोनदा साबणाने धुऊन लिहायला बसलो आहे (जुन्या पेपरांची धूळ फार वाईट).

तीर्थस्वरूप सारजाआत्याआजींच्या चरणी सत्यमचा नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊबीजेला तुम्ही आजोबांना उभ्यानेच ओवाळलंत, तेव्हापासून काळजी लागली आहे. फोनच केला असता, पण तुमची नात श्रेया तुमचा फोन स्पीकरवर लावते आणि अख्खं पिशोर ऐकतं. हे पत्रही तिच्याकडूनच वाचून घ्या, पण दार लावून.

पुढच्या महिन्यात आजोबांच्या पंच्याहत्तरीला आपली छापील वंशावळ वाटायची आहे. वेरूळच्या आप्पासाहेबांनी (आजोबांचे चुलतभाऊ) त्यांच्या वंशावळीत एक सरदार घुसवला आणि पुरावा विचारल्यावर मिशीवरून हात फिरवला. म्हणून आजोबांनी मला बजावलं, "सत्या, पुराव्याबिगर एक नाव घ्यायचं नाय. पेपरात आलं तेच खरं." वाचनालयातल्या बाईंनी सांगितलं, की जुन्या पेपरांतल्या जाहीर नोटिशी पाहा, वारस लावताना, जमीन विकताना लोक नातीगोती छापतात. फक्त प्रत्येक नावाखाली पेपराची तारीख, पान आणि रकाना लिहायचा. तसं लिहीत मी पणजोबांपर्यंत नीट पोहोचलो होतो.

आणि काल (आत्याआजी, आधी घोटभर पाणी प्या) १९७४ च्या फायलीत, पान चार, रकाना सहा, हरवलेल्या बैलाच्या जाहिरातीखाली हे सापडलं: "तमाम लोकांस कळविण्यात येते की, मयत सांडू यांचे आमचे अशील पुंडलिक हे एकमेव वारस असून त्यांस सख्खे भाऊ-बहीण कोणीही नाही. हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत कळवावे." सांडू म्हणजे पणजोबा, तुमचे वडील. पुंडलिक म्हणजे आपले आजोबा. आणि 'कोणीही नाही' म्हणजे तुम्ही! बैल निदान हरवला तरी होता, तुम्ही तर झालाच नव्हता.

घरी येऊन आजोबांपुढे झेरॉक्स ठेवली. त्यांना काहीच वाटलं नाही. "बहिणीचं नाव कुठं लावतेत का? ती घरचीच हाय." मी म्हटलं, घरच्या आहेत म्हणूनच लावायचं ना? "येड्या, कागदात बहीण आली की मागनं दाजी येतेत." मग चष्मा लावून त्यांनी नोटीस पुन्हा वाचली आणि चक्क खूश झाले. "वंशावळीतबी पोरी नसतेत. हा घे, पुरावा पक्का झाला!" द्वारकाआजी भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग भाऊबीजेला ताट घिऊन आलती ती कोण, शेजारीण व्हय?" आजोबा एवढंच म्हणाले, "पेपरात नाय."

खरा धक्का तिने पुढे दिला. ते पंधराही दिवस तुम्ही बाळंतपणाला ह्याच घरात होता, आणि नोटीस लिहायला आलेल्या वकिलाला चहा तुम्हीच दिलात! म्हणजे जिने हरकत घ्यायची ती आत चहा गाळत होती.

आता तुमच्या नावाखाली काय लिहू? शाळेचा दाखला नाही, लग्नाची पत्रिका नाही. तुम्ही पाठवलेल्या कुरडया आहेत, पण कुरडईला पान आणि रकाना नसतो. गुरुवारी वंशावळ छापायला जाते. तुमची जागा रिकामी राहिली, तर तुम्हाला दुसऱ्यांदा पुसणारा मी ठरेन, आणि तेही शुद्धलेखन तपासून.

गुडघ्याला जपा. घरातल्या सर्वांना नमस्कार.

आपला नातू,
सत्यम

ता. क. जागा रिकामी ठेवलेली नाही. येत्या बुधवारच्या पेपरात नोटीस देऊन आलो आहे: "तमाम लोकांस कळविण्यात येते की, सारजाबाई ह्या पुंडलिक यांच्या सख्ख्या थोरल्या बहीण होत्या व आहेत. हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत कळवावे." तारीख आणि पान मिळालं, रकाना छापून आल्यावर कळेल.

ता. ता. क. आजोबा पेपर उघडला की आधी नोटिशीच वाचतात. म्हणून ते पंधरा दिवस मी तुमच्याकडे राहायला येऊ का? (खरं तर हे विचारायलाच पत्र लिहिलं. रजा टाकली आहे.) हरकतीसाठी पत्ता पिशोरचा, तुमचाच दिला आहे. आजोबा हरकत घेऊन आलेच, तर तुम्ही समोर खुर्चीवर बसा. चहा मी करीन.

हिशेब: झेरॉक्स २० रु., नोटीस १,४५० रु. दोन्ही, आजोबांनी वंशावळीसाठी दिलेल्या दीड हजारांतून. त्यांना परत देणे ३० रु. ते तेवढे तुम्हीच द्या.