ताईला तोच मुलगा हवा आहे

सिस्टर, तुम्हाला देवाघरी जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणून घडलं ते आधी क्रमानं लिहिते.

१. पावसाळ्यात माझ्या ताईचा सहा वर्षांचा मुलगा मेंदूच्या मलेरियानं गेला.
२. महिनाभरानं ताई चंद्रपूरला माझ्या प्रयोगशाळेत आली. सागाच्या एका फांदीपासून आम्ही हुबेहूब तशीच शेकडो रोपं करतो, हे तिला ठाऊक आहे. क्लोन केलेली मेंढी तिनं टीव्हीवर पाहिली होती.
३. मुलाची वाळलेली नाळ तिनं डबीतून आणली होती. मी ती फ्रीजमध्ये ठेवून घेतली.

"सागाले जमते, मंग माह्या पोरालेच काऊन नाई?" तिनं विचारलं. मी म्हटलं, वाळलेल्या पेशी मेलेल्या असतात, आणि माणसाचं आज कुणालाच जमत नाही. ती म्हणाली, "आज नाई ना? थांबीन मी. तुमी सायन्सवाले लाकडासाठी एवढं करता, लेकरासाठीच मशीन बिघडते वाटते तुमची." आता ती दुसऱ्या मुलाचं नाव काढू देत नाही. "दुसरं नको मले. तोच पाह्यजे." माझं उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं आणि चूक तिथंच झाली. जमलं तरी करू नये, हे मी म्हणाले नाही.

मी आठवीत होते. तुमच्या वसतिगृहातल्या जुळ्यांपैकी एक चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत मेणबत्ती धरणार होती, ती तापानं पडली. मी म्हटलं, दुसरीला उभं करा, कुणाला कळतंय? तुम्ही मला व्हरांड्यात उभं केलंत. मग स्वयंपाकघरात बोलावलंत, माझ्यापुढे तांदळाची पेज सरकवलीत आणि तांदळातले खडे वेचत म्हणालात, "देवानं दोघींना वेगवेगळी हाक मारली आहे. एकीच्या जागी दुसरी, असं माणसाचं होत नाही." मला तेव्हा रागच आला होता. आता वाटतं, तसं मूल झालंच, तर ते पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या जागेवर बसलेलं असेल. त्याला वेगळा खेळ आवडला, तर ताईला ती त्याची चूक वाटेल. मूल स्वीकारायचं असतं, मागवायचं नसतं, हे धर्मशिक्षणाच्या तासाला मी पाठ केलं होतं. पण ताईला हे सांगणं म्हणजे तिच्या मुलाला दुसऱ्यांदा पुरणं.

हे पत्र टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. फादरांना विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण ते उत्तर देतील आणि मग मला ते ताईला सांगावं लागेल. सर्व मृतांच्या दिवशी ती कबरीवर मेणबत्ती लावायला येणार आहे. तिला काय सांगू, ते आदल्या संध्याकाळपर्यंत कळवा.