लिंबाच्या वड्यांची गोष्ट

प्रिय मार्लिस,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कचऱ्यात टाकशील अशी धास्ती होती, म्हणून पत्ता लायब्ररीत जाऊन टाइप करून घेतला. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. गेल्या सहा वर्षांत आपण दोघी जे काही बोललो ते एका पोस्टकार्डावर मावेल, आणि त्यातलंही निम्मं हवेबद्दल होतं. त्याआधीची एकतीस वर्षं मात्र तुझं तोंड बंद कसं करावं हाच मला प्रश्न असायचा.

रविवारी चर्चच्या तळघरात तुझं भाषण झालं, तेव्हा मी मागे कॉफीच्या मोठ्या भांड्याशेजारी बसले होते. तुला मी दिसले नसणार. भाषण चांगलं झालं. उगीच गोड बोलत नाही, तुला माहीत आहे मला ते जमत नाही. काउंटी बोर्डावर ग्रोटहाऊस वीस वर्षं नुसता खुर्ची उबवतोय, आणि प्रायमरीत त्याच्यासमोर उभं राहायला त्याच्याच पक्षातून कुणीतरी निघालं हे बरंच झालं. विहिरींच्या पाण्याची तपासणी, गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यांची खडी, सगळं तू नीट आणि थोडक्यात सांगितलंस. आणि मग ती गोष्ट सांगितलीस. "राजकारणी शब्द फिरवतात म्हणून आपण बोटं मोडतो. पण आपल्या गावात शब्द फिरवायला राजकारणी लागतच नाही, लिंबाच्या दोन वड्या पुरतात. म्हणून मी आज पाच थाळ्या भरून आणल्यात." तळघर हसून हसून लोळलं. नाव तू घेतलं नाहीस, पण या गावात कोणाला ते सांगावं लागतं? शेजारी बसलेल्या लव्होनने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा मीही हसले. न हसून काय करणार होते?

ही गोष्ट तू सहा वर्षं सांगत आली आहेस हे मला ठाऊक आहे. पार्लरमध्ये, फ्यूनरलच्या जेवणात, सॉफ्टबॉलच्या सामन्यात. मी कधी काही बोलले नाही. पण आता ती तुझ्या प्रचाराची गोष्ट झाली आहे आणि जून उजाडेपर्यंत तू ती काउंटीतल्या प्रत्येक तळघरात सांगशील. म्हणून बसले लिहायला.

तो हिवाळा आठवतोय ना? राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेली माणसं आपल्या रस्त्यांवर इतकी फिरत होती की दूध आणायला गेलं तरी एखादा गव्हर्नर हात पुढे करायचा. तू सिनेटर प्रुइटबाईंसाठी वेडी झाली होतीस आणि मी तुझी टर उडवायचे. मी म्हणायचे, बाई गं, त्यांना तुझं नाव आठवत नसतं, मागे उभा असलेला माणूस कानात सांगतो. तू म्हणायचीस, "व्हर्ना, कुणावरच विश्वास ठेवायचा नसेल तर मग घरी बसून स्वेटर विण, आणि नंतर कुरकुर करू नकोस." मी स्वेटरही विणायचे आणि कुरकुरही करायचे. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही फारसं बदललेलं नाही. मत मागायला आलेल्या माणसाला मी कॉफी देते, विश्वास देत नाही.

पण वेंडेलचं तसं नव्हतं. तुझ्या बैठकीच्या खोलीत प्रुइटबाई आल्या होत्या त्या दुपारी चाळीस माणसं कोंबली होतीस तू, आणि माझा नवरा, जो चर्चमध्येसुद्धा तोंड उघडत नाही, तो उठून उभा राहिला. म्हणाला, "मी बोअर मारतो. या काउंटीतल्या निम्म्या बोअर माझ्या हातच्या आहेत. शेतातलं खत पाण्यात उतरतंय. तुम्ही ते थांबवू शकाल का?" सगळे वाट बघत होते की बाई आता हो म्हणतील. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. माहिती काढते आणि तुम्हाला कळवते." परत येताना गाडीत तो मला म्हणाला, "पाण्याबद्दल माझ्याशी खोटं न बोललेली ही पहिलीच पुढारी." तीन आठवड्यांनी दोन पानी पत्र आलं, खाली शाईची सही. त्यानं ते चार वेळा वाचलं. मार्लिस, आमच्या घरात त्या निवडणुकीत खरोखर उमेदवार निवडला होता तो त्यानं. मी नुसती तुझ्या शब्दाखातर येणार होते.

गाडी त्या दिवशी मी चालवत होते. तू विचारलंस तर मी म्हणाले, त्याला हल्ली संध्याकाळचं कमी दिसतं.

मग कॉकसची ती संध्याकाळ, जिथे मत चिठ्ठीवर नाही, आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहून द्यायचं. शाळेच्या कॅफेटेरियात एकशे सव्वीस माणसं, बुटांचं वितळलेलं बर्फ फरशीवर, आणि प्रत्येक उमेदवाराचा एक कोपरा. तू वहीत गणित मांडून ठेवलं होतंस: एकोणीस माणसं उभी राहिली तर गट टिकणार, अठरा राहिली तर मोडणार आणि सगळ्यांना दुसरीकडे जावं लागणार. तुझ्याकडे आम्ही धरून बरोब्बर वीस होतो. तू आम्हाला हाताला धरून भिंतीपाशी उभं केलंस आणि म्हणालीस, "इथून हललात तर तंगडं मोडीन." मी फक्त आमचे कोट टांगायला गेले. परत आले तर वेंडेल समोरच्या कोपऱ्यात, हॅलोरन या दुसऱ्या उमेदवाराच्या लोकांमध्ये, टेबलापाशी बसलेला. समोर लिंबाच्या वड्यांची थाळी, एक हातात, एक तोंडात. धान्याच्या कोठारावरचा डॅरिल टाळ्या वाजवत ओरडत होता, "या या वेंडेलराव, शहाणा माणूस योग्य ठिकाणी आला!"

मी त्याच्याकडे गेले आणि त्याच्या शेजारी बसले. पुढचं तू पाहिलंस. मोजणी झाली, तुझे अठरा भरले. पुन्हा जागा बदलायला अर्धा तास होता, आणि तू सगळ्या कॅफेटेरियासमोर मला हाक मारलीस. "व्हर्ना, एकच माणूस हवाय. तू एकटी आलीस तरी चालेल." मी वेंडेलच्या शेजारून उठले नाही. तुझा गट मोडला. बर्निस म्हातारीला काठी टेकत दुसऱ्या कोपऱ्यात जावं लागलं. बाहेर गाड्यांपाशी तू मला गाठलंस आणि म्हणालीस, "निदान कारण तरी सांग." मी म्हणाले, हॅलोरन जास्त कामाचा वाटला. तू माझ्याकडे बघितलंस ते मला अजून दिसतं. तू म्हणालीस, "कामाचा की गोडाचा?" आणि ती गोष्ट तिथेच जन्माला आली.

आता कारण सांगते. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि दंड धरून हळूच म्हणाले, चल, आपला कोपरा तिकडे आहे. तो माझ्याकडे बघून हसला. तोंडाला साखर लागलेली. म्हणाला, "आई कधी येणार गं? सगळ्यांच्या आया आल्या." त्याला ती शाळा वाटत होती, मार्लिस. म्हणजे होतीच ती शाळा, त्याचीच, फक्त त्याच्या डोक्यात तो आठ वर्षांचा होता आणि नाताळचा कार्यक्रम संपल्यावर आईची वाट बघत होता. त्याची आई जाऊन तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती. मी कोण हे त्याला त्या वेळी ठाऊक नव्हतं. कोणीतरी भली बाई शेजारी बसली आहे एवढंच. मी म्हणाले, येतीलच, तोवर मी बसते. टेबलाखाली त्यानं माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठी रुतली.

मी त्याला ओढून परत आणलं असतं तर तो मोठ्यानं रडला असता, त्याच सगळ्या माणसांसमोर ज्यांच्या अंगणात त्यानं पाणी काढून दिलं होतं. त्याला तिथे सोडून एकटी तुझ्याकडे आले असते तर तो उठून बर्फात चालू पडला असता. आदल्या ऑक्टोबरात तो स्वतः मारलेल्या एका बोअरकडे जाताना रस्ता चुकला होता आणि पाच तासांनी सापडला होता. त्याची आठवण जायला लागली आहे हे डॉक्टर, तो आणि मी, तिघांनाच माहीत होतं. चांगल्या दिवशी तो अगदी पहिल्यासारखा असायचा, आणि अशाच एका चांगल्या दिवशी त्यानं मला शब्द द्यायला लावला. "कुणाला सांगू नकोस. मार्लिसला तर नाहीच, ती बातमीपत्र आहे." रागावू नकोस, तो हसत म्हणाला होता. ज्याला रस्ता आठवत नाही त्याच्या हातच्या पाण्यावर लोक विश्वास ठेवणार नाहीत, याची त्याला भीती होती. म्हणून मी ठरवलं, गावानं मला फितूर म्हणावं, त्याला वेडा म्हणू नये.

पुढच्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि सगळ्यांना वाटलं, बिघाड तिथूनच सुरू झाला. मी वाटू दिलं. तू भेटायला आली नाहीस. मी तुला दोष देत नाही, तुला दोष द्यायची सोय मी ठेवलीच नव्हती. पण मला तुझा फार राग यायचा. त्याला आंघोळ घालताना, त्याचे बूट शोधताना मला वाटायचं, हिला कळायला हवं होतं. एकतीस वर्षांची मैत्रीण, आणि वड्यांसाठी मी तिला सोडीन यावर तिचा एका मिनिटात विश्वास बसला? मग वाटायचं, गाड्यांपाशी तिच्या तोंडावर खोटं बोलले मीच, तिचं काय चुकलं? हे दोन्ही राग मी आलटून पालटून सहा वर्षं केले. मार्चमध्ये तो गेला, तेव्हा तू पायरीवर नूडलचं भांडं ठेवून बेल न वाजवता निघून गेलीस. मी खिडकीतून बघत होते. चांगलं झालं होतं ते, मीठ जरा जास्त.

त्याला दिलेला शब्द मी आज मोडला आहे. तुला एवढंच सांगायचं आहे की ती गोष्ट आता सांगू नकोस. माझ्यावर हसलेलं मला चालतं, सवय झाली आहे. पण त्या गोष्टीत एक माणूस दोन वड्यांसाठी फिरतो, आणि त्या खोलीत सर्वांत विचारपूर्वक उमेदवार निवडून आलेला माणूस तोच होता. लोक विचारतील, "ती वड्यांची गोष्ट का नाही सांगत हल्ली?" तर काहीही सांग, पण हे नको. तुझी हुकमी हशा पिकवणारी गोष्ट मी मागते आहे आणि बदल्यात तुला एक गुपित देते आहे, जे ग्रोटहाऊसच्या भाषणापेक्षा लवकर गावभर होईल. हा सौदा नाही हे कळावं म्हणून सांगते: माझी मतपत्रिका मी मंगळवारीच पोस्टात टाकली, हे पत्र लिहायला घेण्याच्या दोन दिवस आधी. तुझ्या नावापुढचा गोल काळा केला. वड्यांची गोष्ट ऐकून घरी आल्यावर केला, कारण पाण्याबद्दल तू खरं बोललीस. आता ते मत मला परत घेता येत नाही, आणि माझ्याकडून तुला आणखी काही मिळायचंही नाही. पुढच्या गुरुवारी फायर स्टेशनमध्ये तुझं भाषण आहे. मी पहिल्या रांगेत बसणार आहे.

तुझीच,
व्हर्ना