पातेल्यावरचं झाकण

तीर्थरूप सासूबाई,

तुम्ही गेलात, पण तुमच्या दोघी सुनांपैकी एकीलाही अजून रडू आलेलं नाही. घरात सगळं वेळेवर चाललंय.

तुम्ही गेल्यावर धाकटीने आणि मी ठरवलं, जे माणसाच्या तोंडावर बोलता येणार नाही ते त्याच्या माघारी बोलायचं नाही. वाटलं, जीभ आवरली की मनही निवळेल. मनाचं कळत नाही, स्वयंपाकघर मात्र गप्प झालं. ती भांडी घासते, मी पुसते. आमची इतक्या वर्षांची मैत्री तुमच्याबद्दलच्या कागाळ्यांवर उभी होती, हे तेव्हा लक्षात आलं.

काल ती म्हणाली, "जाऊबाई, आम्ही वेगळं घर बघतोय."

"बरं," मी म्हणाले आणि हातातलं ताट पुसत राहिले. ते कधीच कोरडं झालं होतं.

म्हणून आज तुमच्या तोंडावर सांगते. आमच्या हातचं तुम्ही कधीच चांगलं म्हटलं नाहीत. पातेल्यावरचं झाकण उचलून नुसतं "हंऽ" म्हणायचात. ते "हंऽ" आम्हाला दिवसभर पुरायचं. धाकटी त्याची इतकी हुबेहूब नक्कल करायची, की माझं हसू तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून मी नळ सोडायचे.

आता तुम्हाला सांगून झालं, म्हणजे नियम मोडत नाही. आत धाकटीने भाजी टाकलीय. मी जाऊन झाकण उचलणार आहे आणि "हंऽ" म्हणणार आहे.

तुमची,
थोरली